जँगोमध्ये तारखेच्या भागांवरून नोंदी फिल्टर करताना: महिना, वार, आठवडा आणि पहाटेच्या पावत्या

रिपोर्टमधली महिन्याची बेरीज आणि गिऱ्हाइकाच्या वहीतली बेरीज जुळत नाही. कोड उघडून बघावा तर फिल्टरची एकच ओळ, तीही वाचायला अगदी सरळ: वर्ष २०२४, महिना ९. ही तक्रार घेऊन दर दोन-तीन महिन्यांनी टीममधलं कुणी ना कुणी माझ्या टेबलापाशी येतं. बहुतेक वेळा चूक त्या ओळीच्या आधीच झालेली असते. दिवस कुणाचा धरायचा, तो किती वाजता सुरू होतो, फील्ड कुठल्या प्रकारचं आहे, यातलं काहीच न ठरवता फिल्टर लिहिलेला असतो.

म्हणून खालचे टप्पे क्रमाने करा. पाचव्या टप्प्यावर थेट उडी मारणाऱ्यांना पुन्हा पहिल्यावर यावं लागतं, हे मी बऱ्याचदा पाहिलं आहे.

उदाहरणं जँगो या पायथनच्या वेब फ्रेमवर्कच्या ओआरएमची, म्हणजे डेटाबेसशी पायथनमधून बोलणाऱ्या भागाची आहेत. कोड उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिला आहे. एडिटरमध्ये तो रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांतच टाइप करायचा, दोन अंडरस्कोर जसेच्या तसे ठेवून. हिशेब दादरच्या फूलबाजारातल्या एका गाळ्याचा घेतला आहे. अशा एका गाळ्याचं काम मी केलं आहे आणि पुढे सांगितलेल्यांपैकी दोन चुका त्यात माझ्या हातून झाल्या होत्या. मुख्य मॉडेल (डेटाबेसमधल्या टेबलाचं पायथनमधलं रूप) एकच, पावती. त्यात 'वेळ' हे तारीख आणि वेळ दोन्ही ठेवणारं फील्ड, 'रक्कम', आणि 'ग्राहक' या मॉडेलकडे जाणारी फॉरेन की, म्हणजे पावती कुणाची ते सांगणारा दुवा.

## टप्पा १: दिवस कुणाचा, हे आधी कागदावर लिहा

१ सप्टेंबर २०२४, रविवार. गणेशचतुर्थी सहा दिवसांवर. पहाटे ४ वाजून १० मिनिटांनी ४० किलो झेंडूची पावती फाटते. डेटाबेसमध्ये तीच पावती ३१ ऑगस्ट, २२:४० अशी दिसते, कारण तिथे वेळ यूटीसीत, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, साठवलेली आहे आणि यूटीसी आपल्या साडेपाच तास मागे चालतं. टाइमझोनचं गणित चुकलं, की मध्यरात्रीपासून पहाटे साडेपाचपर्यंतचा सगळा धंदा आदल्या तारखेत जातो. पहिल्या तारखेचा असेल तर आदल्या महिन्यात.

सकाळी १० ला उघडणाऱ्या ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये ही चूक वर्षानुवर्षं कुणाला दिसणार नाही, कारण त्या साडेपाच तासांत तिथे एकही नोंद होत नाही. फुलं, दूध, वर्तमानपत्रं, बंदरावरचा मासळीचा लिलाव यांचा मात्र निम्माअधिक व्यवहार त्याच वेळात उरकलेला असतो. मुंबईत असं काम हाती आलं तर हा टप्पा टाळून चालणार नाही.

मालकासमोर बसून तीन गोष्टी विचारा आणि उत्तरं लिहून घ्या.

पहिली, वेळ कुठली धरायची. भारतीय प्रमाणवेळ, हे उत्तर ठरलेलं आहे असं वाटतं. पण दुबईला माल जात असेल तर तिथल्या पावत्यांचं काय, हे विचारलेलं बरं.

दुसरी, तुमचा दिवस कधी सुरू होतो. मध्यरात्रीच, असं गृहीत धरू नका. ज्या गाळ्यावर माल रात्री उतरतो तिथे रात्री १० नंतरची विक्री 'उद्याची' म्हणून वहीत लिहिलेली असू शकते. हवामान खात्याचा पावसाचा दिवस सकाळी साडेआठला संपतो. सांताक्रूझचा २६ जुलै २००५ चा म्हणून जो ९४४ मिलिमीटर पाऊस सांगितला जातो, तो २७ तारखेच्या सकाळी साडेआठपर्यंतच्या २४ तासांचा आहे. तासातासाच्या नोंदी मध्यरात्री ते मध्यरात्र अशा जोडून तो आकडा कधीच येणार नाही, आणि ती फिल्टरची चूक नसेल.

तिसरी, वेळ व्यवहाराची की नोंदीची. गर्दीत पावती हाताने फाडायची आणि दुपारी कॉम्प्युटरवर चढवायची, ही रीत सगळीकडे आहे. मॉडेलमधलं फील्ड 'ऑटो_नाऊ_अ‍ॅड' (नोंद होताच तेव्हाची वेळ आपोआप बसवणारं) असेल तर त्यात दुपारची वेळ बसते. मग 'पहाटेची विक्री' विचारली की उत्तर शून्य.

तपासणी: तिन्ही उत्तरं एका वाक्यात सांगता येतात का? 'व्यवहाराची वेळ, भारतीय प्रमाणवेळेत, दिवस रात्री १० ला सुरू.' एवढं वाक्य हातात नसेल तर पुढे जाऊ नका.

## टप्पा २: सेटिंग्ज आणि डेटाबेस

सेटिंग्जच्या फाइलमध्ये या दोन ओळी हव्यात:

```
यूज_टीझेड = ट्रू
टाइम_झोन = 'एशिया/कोलकाता'
```

नवीन प्रोजेक्ट तयार करताना जँगो टाइम_झोनच्या जागी 'यूटीसी' लिहून देतं. ती ओळ बदलायची राहून जाते आणि पहाटेच्या पावत्यांची गडबड तिथून सुरू होते. मुंबईच्या नावाचा वेगळा झोन शोधू नका, तो नाही. सगळ्या भारताला कोलकात्याचाच लागतो. यूज_टीझेड जँगो ५.० पासून मुळातच चालू असतं, पण जुना प्रोजेक्ट वर आणला असेल तर फाइल उघडून खात्री करा.

यूज_टीझेड चालू असताना जँगो नोंदी यूटीसीत ठेवतं आणि महिना, वार, तास असा भाग विचारला की आधी चालू टाइमझोनमध्ये बदलून मग तो भाग काढतं. त्यामुळे टाइम_झोन दुरुस्त केल्यावर जुन्या नोंदींना हात लावावा लागत नाही. त्यांच्याकडे बघण्याची वेळ तेवढी बदलते.

सावधान: यूज_टीझेड बंद होतं आणि आता चालू करताय, हे प्रकरण वेगळं आहे. पोस्टग्रेसवर अडचण येत नाही. मायएसक्यूएल आणि एसक्यूलाइटवर जुन्या वेळा स्थानिक म्हणून साठवलेल्या असतात, आणि बदलानंतर जँगो त्याच वेळा यूटीसी समजून वाचतं. सगळा जुना डेटा साडेपाच तास पुढे सरकलेला दिसतो. तो आधी बदलून घ्या, बॅकअप काढून.

मायएसक्यूएल वापरत असाल तर आणखी एक काम आहे, आणि हेच सर्वांत जास्त वेळ खातं. टाइमझोन बदलण्यासाठी जँगो तिथल्या कन्व्हर्ट_टीझेड या फंक्शनवर अवलंबून असतं आणि त्या फंक्शनला टाइमझोनचे तक्ते भरलेले लागतात. ते रिकामे असतील तर फंक्शन नल (म्हणजे काहीच नाही) देतं, नलचा महिना नलच, आणि फिल्टर शून्य नोंदी घेऊन येतो. एरर नाही, वॉर्निंग नाही. माणूस आपल्याच कोडकडे बघत बसतो. तक्ते भरण्यासाठी मायएसक्यूएलसोबतच मायएसक्यूएल_टीझेडइन्फो_टू_एसक्यूएल हा प्रोग्रॅम येतो; तो सर्व्हरच्या झोनइन्फो फोल्डरवर चालवून त्याचं आउटपुट 'मायएसक्यूएल' नावाच्या डेटाबेसमध्ये सोडायचं.

तपासणी: मायएसक्यूएलच्या प्रॉम्प्टवर कन्व्हर्ट_टीझेडला कुठलीही एक वेळ, 'यूटीसी' आणि 'एशिया/कोलकाता' देऊन चालवा. साडेपाच तास पुढची वेळ आली पाहिजे. नल आलं तर तक्ते रिकामे आहेत.

वर मी 'चालू टाइमझोन' म्हटलं, त्यात एक बारकावा आहे. लॉगिन केलेल्या माणसाप्रमाणे टाइमझोन बदलणारं मिडलवेअर (प्रत्येक विनंतीच्या आधी चालणारा कोड) तुमच्याकडे असेल, तर दुबईत बसलेल्या भागीदाराला सप्टेंबरची बेरीज वेगळी दिसेल. गप्पांच्या अ‍ॅपला ते ठीक. हिशेबाला चालणार नाही. हिशेबाची क्वेरी टाइमझोन.ओव्हरराइडमध्ये भारताचा झोन देऊन बांधा.

## टप्पा ३: 'आज' म्हणजे काय ते सुधारा

```
टाइमझोन.नाऊ().डेट()     चूक
टाइमझोन.लोकलडेट()      बरोबर
```

यूज_टीझेड चालू असताना टाइमझोन.नाऊ यूटीसीतली वेळ देतं. पहाटे ४ ला त्यावरून तारीख काढली तर कालची येते. 'चालू महिना' म्हणून त्याच वेळेचा महिना घेतला, तर एक तारखेच्या पहाटे गेल्या महिन्याचा रिपोर्ट उघडतो आणि साडेपाचनंतर आपोआप बरा होतो. ही माझी स्वतःची चूक. गाळेवाले दादा पहाटे फोन करायचे, मी सकाळी ९ ला बघायचो आणि सगळं ठीक दिसायचं. तीन महिने गेले त्यात. सगळ्या प्रोजेक्टमध्ये शोध घ्या आणि नाऊनंतर थेट तारीख, महिना किंवा वर्ष काढलेलं जिथे दिसेल तिथे लोकलडेट किंवा लोकलटाइम घाला.

पहिल्या टप्प्यात तुमचा दिवस मध्यरात्री सुरू होत नाही असं निघालं असेल, तर माझा स्पष्ट सल्ला आहे: 'व्यवहार_तारीख' नावाचं साधं तारखेचं वेगळं फील्ड ठेवा आणि नोंद होतानाच, मालकाच्या नियमाप्रमाणे, ते भरा. तारखेच्या फील्डला टाइमझोन नसतो. मग महिना, वार, आठवडा काहीही विचारा, साडेपाच तासांचा प्रश्नच येत नाही. प्रत्येक क्वेरीत तास वजा करत बसण्यापेक्षा हे सोपं आहे आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या कुणालाही वाचता येतं.

सावधान: ते फील्ड सेव्ह या मेथडमध्ये भरत असाल तर लक्षात ठेवा, बल्क_क्रिएट (अनेक नोंदी एकदम घालणं) आणि क्वेरीसेटवरचं (फिल्टरने निवडलेल्या नोंदींच्या संचावरचं) अपडेट ती मेथड बोलावत नाहीत. एक्सेलमधून एकदम चढवलेल्या पावत्यांची तारीख रिकामी राहते.

## टप्पा ४: सलग कालावधी आहे की पुन्हा पुन्हा येणारा भाग?

फिल्टर लिहायला घेण्याआधी स्वतःला हा एक प्रश्न विचारा. 'सप्टेंबर २०२४' हा कॅलेंडरवरचा सलग तुकडा आहे. त्याला एक सुरुवात आणि एक शेवट. 'दर वर्षीचा सप्टेंबर', 'सगळे शनिवार', 'पहाटे ३ ते ६' हे पुन्हा पुन्हा येतात. त्यांचे तुकडे कॅलेंडरभर विखुरलेले.

सलग असेल तर दोन सीमा द्या. विखुरलेलं असेल तरच मंथ, वीक_डे, अवर असे लुकअप (फील्डच्या नावापुढे दोन अंडरस्कोर देऊन लावायची अट) वापरा.

बहुतेक जण सगळीकडे लुकअपच वापरतात, कारण ते वाचायला गोड दिसतात. अडचण अशी, की मंथसाठी डेटाबेसला प्रत्येक नोंदीची वेळ बदलून, त्यातून महिना काढून मग ताडून बघावं लागतं. 'वेळ' या फील्डवरचा साधा इंडेक्स (नोंदी पटकन शोधायला डेटाबेसने ठेवलेली सूची) त्यात कामी येत नाही. 'डेट' या लुकअपचंही तेच, तोही फील्डचं रूपांतर करतो. नोंदी पाच हजार असताना फरक कळत नाही, पाच लाख झाल्या की कळतो. याला सरळ अपवाद इयरचा: 'वेळ__इयर=२०२४' लिहिलं तर जँगो स्वतःच त्याच्या दोन सीमा करून देतं आणि इंडेक्स वापरला जाऊ शकतो. तेव्हा नुसत्या वर्षासाठी इयर बिनधास्त वापरा.

## टप्पा ५: सीमा लिहिणे

```
सुरुवात = मेक_अवेअर(डेटटाइम(२०२४, ९, १))
शेवट = मेक_अवेअर(डेटटाइम(२०२४, १०, १))
पावती.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(वेळ__जीटीई=सुरुवात, वेळ__एलटी=शेवट)
```

जीटीई म्हणजे 'तीच किंवा नंतरची', एलटी म्हणजे 'त्याआधीची'; मेक_अवेअर वेळेला टाइमझोन जोडतं. खालची सीमा धरून, वरची सोडून. सप्टेंबर म्हणजे १ सप्टेंबरच्या मध्यरात्रीपासून १ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीच्या आतपर्यंत. याच तीन ओळी लोक चार वेगवेगळ्या तऱ्हांनी बिघडवतात.

रेंज लुकअपला १ सप्टेंबर आणि ३० सप्टेंबर अशा नुसत्या तारखा देणं, ही सर्वांत नेहमीची. वेळेच्या फील्डपुढे नुसती तारीख ठेवली की ती त्या दिवशीची मध्यरात्र धरली जाते. म्हणजे ३० तारखेचा सगळा दिवस बाहेर. बेरीज नेहमी थोडी कमी येते आणि कुणाला संशय येत नाही. असं करताना कन्सोलवर 'नाइव्ह डेटटाइम'ची, म्हणजे टाइमझोन नसलेल्या वेळेची, वॉर्निंग येते. ती वाचा, बंद करू नका.

वरची सीमा २३:५९:५९ देणं, ही दुसरी. त्या शेवटच्या सेकंदाच्या पोटात दहा लाख मायक्रोसेकंद असतात. ३० सप्टेंबरला २३:५९:५९.४ ला झालेलं ऑनलाइन पेमेंट निसटतं. तिसरी, एलटीच्या जागी एलटीई: आता १ ऑक्टोबरची अगदी ००:०० ची नोंद दोन्ही महिन्यांत मोजली जाते. हाताने लिहिलेल्या पावत्या चढवताना वेळ रिकामी सोडली की ००:०० बसतं, त्यामुळे अशा नोंदी वाटतात तेवढ्या दुर्मिळ नसतात. चौथी डिसेंबरात कळते, महिन्यात एक मिळवून १३ होतो आणि पायथन 'महिना १ ते १२ मध्ये हवा' म्हणून थांबतं. ही बरी, निदान आवाज तरी करते. डिसेंबर असेल तर वर्ष एकने वाढवून महिना १ करा.

आर्थिक वर्षाचंही इथेच उरकून घ्या. २०२४-२५ म्हणजे १ एप्रिल २०२४ पासून १ एप्रिल २०२५ च्या आत. तेवढंच. 'इयर=२०२४, मंथ__जीटीई=४' असं लिहिलेलं मी एकाहून जास्त प्रोजेक्टमध्ये पाहिलं आहे. त्यात जानेवारी ते मार्च २०२५ गळतात, आणि सी.ए.कडे गेल्यावर हिशेब उलगडायला कुणाची तरी रात्र जाते.

तपासणी: याच सीमांनी बारा महिने वेगवेगळे मोजा आणि वर्ष एकदम मोजा. बाराची बेरीज वर्षाच्या आकड्याशी तंतोतंत जुळली पाहिजे. एकाचा जरी फरक आला तरी सीमा चुकली आहे.

## टप्पा ६: भागांचे लुकअप, एकेक करून

वार. इथे तीन मोजण्या एकत्र नांदतात आणि तिन्ही वेगळ्या आहेत. जँगोचा वीक_डे रविवारला १ धरतो, शनिवारला ७. आयएसओ_वीक_डे सोमवारला १, रविवारला ७. पायथनची वीकडे ही मेथड सोमवारला ० आणि रविवारला ६. २०२४ चा दसरा १२ ऑक्टोबरला, शनिवारी होता. त्याच एका दिवसाचे तीन आकडे असे: ७, ६ आणि ५. पायथनमधून आलेला ५ सरळ वीक_डेला दिला तर गुरुवारची विक्री मिळेल, आणि ती बघायला पूर्णपणे खरी वाटेल. मी प्रोजेक्टभर आयएसओ_वीक_डेच वापरतो आणि पायथनच्या बाजूलाही आयएसओवीकडे ही मेथड, म्हणजे दोन्हीकडे आकडा एकच राहतो.

आठवडा. वीक हा लुकअप आयएसओ, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानकाचा, आठवडा मोजतो: सोमवारी सुरू, आणि वर्षाचा पहिला गुरुवार ज्यात येतो तो आठवडा पहिला. ३० डिसेंबर २०२४ हा सोमवार होता आणि त्या हिशेबाने तो २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मोडतो. आता 'इयर=२०२४, वीक=१' विचारून बघा. १ ते ७ जानेवारी २०२४ तर येतातच, शिवाय ३० आणि ३१ डिसेंबर २०२४ सुद्धा. आठवड्यात नऊ दिवस! वीकच्या जोडीला नेहमी आयएसओ_इयर द्या, इयर नको.

तिमाही. क्वार्टर जानेवारीपासून मोजतो. आपली पहिली तिमाही एप्रिल ते जून. जँगोसाठी ती २. जानेवारी ते मार्च आपली चौथी, त्याची १, वर कॅलेंडरचं वर्षही पुढचं. इतकी उलटापालट लक्षात ठेवण्यापेक्षा तिमाहीसाठी पाचव्या टप्प्यातल्या सीमा लिहिलेल्या बऱ्या.

तास. 'वेळ__अवर__जीटीई=३, वेळ__अवर__एलटी=६' म्हणजे पहाटे ३ ते ६ च्या आत. रात्री १० ते २ हवं असेल तर जीटीई २२ आणि एलटी २ एकत्र लिहून काहीच मिळत नाही, कारण असा तासच नाही. दोन क्यू (जँगोमध्ये अट धरून ठेवणारी वस्तू) 'किंवा'ने जोडा.

महिना, वर्षामागून वर्ष. कोड बरोबर आणि निष्कर्ष चूक, असं इथे होतं. 'या ऑगस्टमध्ये गेल्या ऑगस्टपेक्षा विक्री किती वाढली' हा ग्राफ प्रत्येक मालकाला हवा असतो. गणेशचतुर्थी २०२४ मध्ये ७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. लक्ष्मीपूजन २०२४ मध्ये १ नोव्हेंबरला, २०२५ मध्ये २१ ऑक्टोबरला. फुलांच्या धंद्यात हे दिवस महिन्याचा आकडा उलटा करतात. मंथ लुकअपला तिथी कळत नाही. सणांचं छोटं टेबल करा, वर्ष, सण, सुरुवात, शेवट, आणि त्या सीमांनी फिल्टर करा. मालकाच्या डोक्यात वर्ष तसंच मांडलेलं असतं.

दिवस आणि महिना मिळून. लग्नाच्या वाढदिवसाला हारांची आठवण पाठवायची आहे, पुढच्या सात दिवसांची. महिनाअखेर मध्ये आली की 'डे २८ पेक्षा जास्त आणि ३ पेक्षा कमी' असली अशक्य अट तयार होते. त्यापेक्षा सात दिवस मोजून अट बांधा:

```
अट = क्यू()
फॉर आय इन रेंज(७):
    दि = आज + टाइमडेल्टा(डेज=आय)
    अट |= क्यू(लग्न_तारीख__मंथ=दि.मंथ, लग्न_तारीख__डे=दि.डे)
```

२९ फेब्रुवारीवाली जोडपी तीन वर्षं यात येणार नाहीत. त्यांना २८ ला धरायचं की १ मार्चला, हे मालकाला विचारा.

सावधान: फॉर्ममधून महिना १३ किंवा ० आला तरी ओआरएम तक्रार करत नाही, रिकामी यादी देतं. १ ते १२ ची तपासणी तुम्हीच करा. एक गोष्ट मात्र सुखाची: कुणी देवनागरीत '०७' टाइप केलं तरी पायथनचं इंट ते नीट ७ वाचतं, त्यासाठी वेगळं काही लिहावं लागत नाही.

## टप्पा ७: जोडलेल्या टेबलावरून फिल्टर

सप्टेंबर २०२४ मध्ये खरेदी केलेले ग्राहक हवेत. हे चूक आहे:

```
ग्राहक.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(पावती__वेळ__इयर=२०२४).फिल्टर(पावती__वेळ__मंथ=९)
```

एका ग्राहकाच्या पावत्या अनेक. दोन वेगळे फिल्टर लिहिले की अर्थ होतो, 'ज्याची एखादी पावती २०२४ ची आहे आणि एखादी पावती कुठल्याही सप्टेंबरची आहे'. मार्च २०२४ आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आलेला माणूसही यात बसतो. दोन्ही अटी एकाच फिल्टरच्या कंसात लिहा म्हणजे त्या एकाच पावतीला लागतील, आणि शेवटी डिस्टिंक्ट, नाहीतर चार पावत्यांचा ग्राहक चारदा येईल.

एक्सक्लूडमध्ये तर एकाच कंसात लिहूनही भागत नाही. अनेक नोंदींच्या नात्यात तिथल्या अटी एकाच पावतीला बांधल्या जातीलच असं नाही. 'सप्टेंबरमध्ये न आलेले' काढायचे तर 'ज्याची त्या काळातली एकही पावती नाही' असं विचारा:

```
त्यांच्या = पावती.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(ग्राहक=आउटररेफ('पीके'), वेळ__जीटीई=सुरुवात, वेळ__एलटी=शेवट)
ग्राहक.ऑब्जेक्ट्स.फिल्टर(~एक्झिस्ट्स(त्यांच्या))
```

## टप्पा ८: महिनावार बेरीज

```
पावती.ऑब्जेक्ट्स.अ‍ॅनोटेट(महिना=ट्रंकमंथ('वेळ')).व्हॅल्यूज('महिना').अ‍ॅनोटेट(बेरीज=सम('रक्कम')).ऑर्डर_बाय('महिना')
```

क्रम महत्त्वाचा. व्हॅल्यूज बेरजेच्या आधी आलं पाहिजे, नंतर आलं तर प्रत्येक पावतीची वेगळी 'बेरीज' मिळते. ट्रंकमंथ वेळ त्या महिन्याच्या एक तारखेवर आणतं; त्याच्या जागी नुसता महिन्याचा आकडा काढणारं एक्स्ट्रॅक्टमंथ घातलं तर सगळ्या वर्षांचे सप्टेंबर एकाच ओळीत जमा होतात. कधी तेच हवं असतं, बहुधा नसतं. ज्या महिन्यात एकही पावती नाही तो महिना यादीत येतच नाही, तेव्हा ग्राफसाठी रिकाम्या महिन्यांत शून्य तुम्ही भरायचं.

## टप्पा ९: एसक्यूएल डोळ्यांनी बघा

क्वेरीसेटच्या क्वेरी या गुणधर्माला प्रिंट करा. 'वेळ__इयर=२०२४' ची क्वेरी पोस्टग्रेसवर बघितली तर सीमेच्या शेवटी +०५:३० दिसायला हवं. मायएसक्यूएल किंवा एसक्यूलाइटवर खालची सीमा २०२३-१२-३१ १८:३० अशी दिसेल. आपली मध्यरात्र यूटीसीत तीच. तिथे २०२४-०१-०१ ००:०० दिसलं, तर दुसऱ्या टप्प्यावर परत जा. मंथची क्वेरी पोस्टग्रेसवर असेल तर तीत 'एशिया/कोलकाता' हे नाव शोधा.

मग एक्सप्लेन चालवा, म्हणजे डेटाबेस ती क्वेरी कशी चालवणार ते कळेल. सीमांच्या क्वेरीत, डेटा पुरेसा असेल तर, इंडेक्सचं नाव दिसलं पाहिजे. रिकाम्या टेस्ट डेटाबेसवर एक्सप्लेन बघून निष्कर्ष काढू नका. नोंदी थोड्या असल्या की डेटाबेस इंडेक्स असूनही सगळं टेबल वाचतो.

## टप्पा १०: सहा पावत्यांची टेस्ट

या सहा वेळांच्या पावत्या टेस्टमध्ये घाला, सगळ्या भारतीय वेळेत:

१. ३१ ऑगस्ट, २३:५९:५९.५
२. १ सप्टेंबर, ००:००
३. १ सप्टेंबर, ०४:१०
४. १ सप्टेंबर, ०५:३०
५. ३० सप्टेंबर, २३:५९:५९.५
६. १ ऑक्टोबर, ००:००

सप्टेंबरच्या फिल्टरने चार याव्यात: दुसरी ते पाचवी. पाच आल्या आणि सहावी आत असेल तर एलटीच्या जागी एलटीई पडलं आहे. तीन आल्या आणि फक्त पाचवी गायब असेल तर वरची सीमा चुकली. दुसरी आणि तिसरी गायब, वर सहावी आत, असं दिसलं तर हिशेब यूटीसीत चालू आहे.

'वेळ' फील्ड ऑटो_नाऊ_अ‍ॅड असेल तर क्रिएट करताना दिलेली वेळ जँगो बाजूला ठेवतं आणि आत्ताची वेळ बसवतं. सहाच्या सहा पावत्या आजच्या होतात आणि टेस्ट निरर्थक ठरते. आधी नोंद तयार करा, मग क्वेरीसेटच्या अपडेटने वेळ घाला.

टेस्ट त्याच डेटाबेसवर चालवा जो सर्व्हरवर आहे. एसक्यूलाइटवर टाइमझोनचं काम पायथन करतं, त्यामुळे मायएसक्यूएलचे रिकामे तक्ते तिथे कधीच पकडले जात नाहीत. आणि टेस्ट हिरव्या झाल्यावर गाळ्यावर जा, वहीतलं कुठल्याही महिन्याचं १ तारखेचं पान उघडा आणि पहाटेच्या पहिल्या पावतीपासून स्क्रीनवरच्या यादीशी एकेक ओळ ताडून बघा.